राजेचा पंप

एम्फिसीमा हा शब्द डॉक्टरांनी उच्चारला तेव्हा राजेने असा चेहरा केला, जणू त्याने रंगवलेल्या गाडीवर कुणीतरी बोट टेकवून ‘इथं डाग राहिलाय’ म्हणतंय. शेजारच्या खुर्चीत त्याची मोठी बहीण बसली होती. तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. तिने भावाकडे एकदा पाहिलं आणि ओळखलं, की आता या डॉक्टरांची धडगत नाही.

डॉक्टर बिचारे समजावून सांगत होते. फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यांच्या भिंती झिजून फाटल्या आहेत, फाटलेल्या पुन्हा शिवता येत नाहीत, उरल्यात त्या जपायच्या. सिगारेट आजपासून बंद आणि रंगाचा फवाराही बंद. यावर राजेने खुर्चीत रेलून सांगितलं, की गाड्या रंगवण्यात आपली हयात गेली, पण रंग आपण छातीत कधी घेतलेला नाही. सिगारेटबद्दल तो काही बोलला नाही. तो विषय डॉक्टरांच्या अखत्यारीत येतो असं त्याला वाटतच नव्हतं.

मग नर्सने पंप कसा घ्यायचा ते दाखवलं. हलवा, श्वास पूर्ण सोडा, तोंडात धरा, दाबता दाबता सावकाश आत ओढा आणि मग थोडा वेळ श्वास रोखून धरा. उस्तादाने नवशिक्याकडे पाहावं तसा राजे तिच्याकडे पाहत होता. डबा हलवायचा आणि दाबायचा, हे त्याला ही कालची पोरगी शिकवणार. ‘श्वास रोखून धरा’ एवढ्यावर मात्र त्याने मान डोलावली. तेवढं त्याला पटलं. हाताचा आणि श्वासाचा मेळ बसत नसेल तर पंपाला जोडायची प्लॅस्टिकची एक नळी मिळते, असंही तिने सुचवलं. राजेने त्या जाडजूड नळीकडे पाहिलं आणि ताईला म्हणाला, दुधाची बाटली आहे ही, मला दात येऊन बरीच वर्षं झाली.

राजे हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी तहान लागली तरी तो जागचा हलायचा नाही, माठाकडे नुसतं बोट करायचा. तेव्हा ताईने चिडून हे नाव ठेवलं. टोमणा म्हणून दिलेलं नाव त्याने पदवी म्हणून घेतलं आणि जन्मभर मिरवलं. त्याने लग्न केलं नव्हतं. एवढा मान देणारी कुणी भेटली नसेल, असं ताईचं मत.

त्याची खोली चौथ्या मजल्यावर होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. ताई तळमजल्यावर राहायची, एकटीच. तिने न विचारता त्याची बॅग भरली. राजेने विरोध केला नाही. फक्त, तुझ्या सोबतीला येतोय, असं म्हणाला. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून तो बराच वेळ थांबला आणि खालच्या अंगणात उभी असलेली एक स्कूटर निरखत राहिला, जणू तिच्या रंगाबद्दल त्याचं मत कुणी मागितलंय. ताई बॅग घेऊन पुढे निघून गेली. त्याला धाप लागलेली आपण पाहिली नाही असं दाखवणं, ही तिच्याकडून झालेली पहिली मदत. ती त्याच्या लक्षात आली असेल असं तिला वाटलं नाही.

ताईने सगळी नोकरी कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून केली होती. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, टाके पाहायचे आणि खोट असेल तर बाजूला टाकायचा. निवृत्त झाल्यावर समोर शर्ट येईनासे झाले, माणसं मात्र येत राहिली. राजे राहायला आल्यावर तर रांगच लागली.

आधी आला आतेभाऊ. दीर्घ श्वसनाने फुप्फुसं नव्यासारखी होतात असं त्याने कुठंतरी ऐकलं होतं. ते करून दाखवताना त्याचं पोट एवढं पुढे आलं की शर्टाचं बटण तुटून कपाटाखाली गेलं, आणि ते शोधायला वाकल्यावर तो स्वतःच असा घामाघूम झाला की ताईने त्याला पाणी दिलं. मग गॅरेजातलं टोळकं आलं. डेंट काढणारा, वायरमन, गादीवाला, सगळे एकसारखे तोंड पाडून बसले. राजेला त्रास नको म्हणून ते सिगारेट ओढायला बाहेर फाटकापाशी गेले. एवढी समज होती त्यांच्यात. थोड्या वेळाने राजेही खुर्ची उचलून फाटकापाशी गेला, मोकळी हवा घ्यायला. ताई खिडकीतून पाहत होती. मोकळ्या हवेचा ढग कुंपणावरून हळूहळू वर चढत होता, आणि मध्ये बसलेला तिचा भाऊ नाक जरा पुढे काढून धन्य झालेल्या चेहऱ्याने तो हुंगत होता. ती बाहेर गेली आणि झाडांना पाणी घालायची नळी सुरू केली. पाणी झाडांपेक्षा त्यांच्या बुटांवर जास्त पडलं. त्यानंतर टोळकं फोनवरच विचारपूस करू लागलं.

पण राजेला बरं काही वाटेना. पंप तो सकाळ-संध्याकाळ चुकवत नव्हता, औषधाच्या बाबतीत असं शिस्तीत वागताना ताईने त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि तरीही न्हाणीघरातून पलंगापर्यंत आला की तो काठावर बसून दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवायचा. शर्टाची बटणं लावताना मध्ये थांबायचा. जेवताना घास आणि श्वास यांची पाळी लावायचा. ताईला राग यायचा, आणि रागाखाली दुसरं काहीतरी असायचं, ते ती वर येऊ द्यायची नाही. राजेचा निकाल तयारच होता. पंप भिकार आहे, डॉक्टर नवखा आहे, आणि घरात बसून बसून छातीला गंज चढलाय.

याच सुमारास गॅरेजच्या मालकाचा फोन आला. एक जुनी गाडी आली होती, राखाडीकडे झुकणाऱ्या निळ्या रंगाची, जो रंग आता कुठं तयार मिळत नाही. डोळ्याने जुळवावा लागतो, आणि तसा डोळा राजेचाच. सोमवारी येणार असशील तर थांबतो, नाहीतर पोताऱ्याला देतो, असं मालक म्हणाला.

पोतारा म्हणजे राजेच्या हाताखालचा रंगारी. भिंती पोतणारा, म्हणून राजेनेच त्याला हे नाव दिलेलं. गडी चाळिशी ओलांडून गेला होता, डोक्यावरचे केस विरळ झाले होते, पण राजेने त्याला इतक्या वर्षांत पत्र्याला घासकागद मारणं आणि अस्तराचा हात देणं यापलीकडे जाऊ दिलं नव्हतं. शेवटचा, चकाकीचा हात राजेचा. रंगाच्या बंद खोलीत, म्हणजे बूथमध्ये, त्या वेळी दुसरं कुणी थांबायचं नाही. पोताऱ्याने ती निळी गाडी एकदा रंगवली, की बूथ त्याचं झालं, हे राजेला कळत होतं. फोन ठेवल्यावर त्याने कपाटातून आपली स्प्रे गन काढली. ती तो गॅरेजात ठेवत नसे. फडक्यात गुंडाळून सोबत आणली होती, आणि ताईला वाटलं होतं की बॅगेत खाली दाढीचं सामान असेल.

“सोमवारी जातो,” तो म्हणाला. “पोताऱ्याच्या हातात ती गाडी म्हणजे पाप आहे.”

ताईने त्याला डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण करून दिली. त्याने ऐकलं, म्हणजे बोलणं संपेपर्यंत थांबला. मग म्हणाला की डॉक्टरांनी एक तरी गाडी रंगवली आहे का विचार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती आणि राजे आरशासमोर पंप घेत होता. आजवर तिने ते कधी नीट पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडात काय चाललंय ते पाहू नये असं तिला वाटे. आज आरसाच समोर आला. राजेने पंप खुळखुळवला. मग, हात बसावा म्हणून, हवेत एक फवारा सोडून पाहिला, बाहेर पडलेल्या धुक्याचा आकार डोळे बारीक करून तपासला, आणि समाधानाने पंप तोंडाशी नेला. बोट दाबलं. आणि त्याच क्षणी त्याचा सगळा देह थांबला. खांदे वर चढून जागच्या जागी अडकले, नाकपुड्या मिटल्या, छाती पाटीसारखी सपाट. फवारा संपून पंप शांत झाला, त्याने तो बाजूला नेला, मान वळवली, आणि मग, त्यानंतर, खोलीतली साधी हवा मोठ्याने आत ओढली.

ताईच्या हातात अर्धी घडी तशीच राहिली.

तिने हे पूर्वी पाहिलं होतं. फार वर्षांपूर्वी एकदा ती त्याच्या बूथच्या काचेपाशी उभी होती. दाराच्या एका टोकाला गन लावली की राजे श्वास रोखायचा आणि दुसऱ्या टोकापर्यंत एका श्वासात, म्हणजे एका न घेतलेल्या श्वासात, हात सरकवत न्यायचा. श्वास चालू असला की हात हलतो, हात हलला की रंग जाड-पातळ बसतो, हे त्याने तिला गुरूच्या थाटात सांगितलं होतं. मास्क म्हणजे कच्च्या लोकांच्या कुबड्या. आपण श्वासच घेत नाही तर रंग जाईल कुठून. तेव्हा तिलाही ते पटलं होतं. टोकाला पोचल्यावर तो मान वळवून वीतभर अंतरावर गुदमरल्या माणसासारखा तोंडभर श्वास ओढायचा, आणि ते धुकं काही त्याची मान वळण्याची वाट पाहत भिंतीशी उभं नसायचं, हे त्या वेळी दोघांच्याही डोक्यात शिरलं नाही. ज्या युक्तीने आपण वाचलो म्हणून तो जन्मभर टेंभा मिरवत होता, त्याच युक्तीने तो रंग इतरांपेक्षा खोल भरून घेत होता. आणि आता बोट आणि श्वास यांचं इतकं घट्ट लग्न लागलं होतं, की बोट दाबलं की श्वास बंद. औषध जिभेवर बसत होतं आणि चहाबरोबर पोटात जात होतं.

नेहमी ती बोलते. पण आज तिने घडी पुरी केली, पुढचा कपडा घेतला, आणि मनात हिशेब मांडला. सांगितलं तर औषध छातीत उतरेल. औषध उतरलं तर त्याला बरं वाटेल. बरं वाटलं तर तो सोमवारी शीळ घालत बूथमध्ये जाईल आणि उरलेल्या पिशव्यांची वाट लावेल. नाही सांगितलं तर तो घरी राहील, पलंगाच्या काठावर, गुडघ्यांवर हात रोवून. सरळ बेरीज होती आणि तिला ती दिवसभर करता आली नाही. संध्याकाळी जेवताना त्याने घास तोंडात ठेवला, श्वासासाठी तो बाहेर काढला, आणि तिने पाहिलं का म्हणून चोरून तिच्याकडे पाहिलं. साठी उलटलेला माणूस, तोंडातला घास चमच्यात लपवत होता. ताईला त्याची एवढी चीड आली, की तिने तिथेच सांगून टाकलं.

राजे हसला. डबा दाबायला आता तू शिकव, म्हणाला. तिने आरसा आणून समोर ठेवला आणि दाब म्हणाली. त्याने दाबलं. स्वतःचे खांदे वर चढलेले त्याने स्वतः पाहिले. पुन्हा दाबायला गेला, तेव्हा तिने हात धरला. औषध आहे ते, अत्तर नव्हे. रिकाम्या मुठीने कर म्हणाली. त्याने रिकाम्या हवेत बोट वाकवलं, आणि रिकाम्या हवेतसुद्धा त्याची छाती थांबली. तो हसायचा थांबला.

नर्सला फोन केला, तर ती म्हणाली, अहो, त्यासाठीच तर ती नळी. राजे म्हणाला, मेलो तरी बाटली चोखणार नाही. यावर ताईने त्याच्या हातातून पंपच काढून घेतला. तिचं म्हणणं सरळ होतं: खोट बोटात आहे, तर बोट बाजूला काढा. दाबीन मी. तू फक्त ओढायचं.

जन्मात एकदाही एकमत न झालेल्या दोन माणसांनी एका क्षणावर एकत्र यायचं, हे सोपं नव्हतं. ती दाबायची तेव्हा तो बोलत असायचा. तो ओढायचा तेव्हा ती त्याच्या बसण्याला नावं ठेवत असायची. पहिल्या दिवशी औषध एकदा त्याच्या गालावर आणि एकदा तिच्या चष्म्यावर बसलं. मग तिने डाव्या हाताचा तळवा त्याच्या पाठीवर ठेवला, बरगड्या हलायला लागलेल्या कळाव्यात म्हणून, आणि तेव्हापासून जमलं. त्या पाठीला तिने किती वर्षांनी हात लावला होता, ते तिलाही आठवेना. हाडं लागत होती. “ओढ, राजे,” ती म्हणायची. “फुकटची आहे.”

आठवडा सरायच्या आत तो न थांबता फाटकापर्यंत जाऊन आला. आणि सोमवारी, ताईच्या अंदाजाप्रमाणे, त्याने दाढी केली, रंगाचे डाग पडलेली पँट चढवली आणि फडक्यातली गन काखेत मारली. अडवायला ती दारात उभी राहील अशी त्याची अपेक्षा असावी, कारण त्याने दोन-चार वाक्यं तयार ठेवलेली दिसत होती. ती चपला घालून त्याच्या आधी बाहेर पडली. पंप तिच्या पर्समध्ये होता.

गॅरेजात स्वागत थाटात झालं. डेंटवाला, वायरमन, गादीवाला हातातली कामं टाकून आले. राजे आता कसा तजेलदार दिसतो यावर त्यांचं लगेच एकमत झालं. या लोकांनी त्याला मेलेला पाहिला असता तरी तजेलदारच म्हटलं असतं. मालकाने तर त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो खोकला. पोतारा बाजूला उभा होता, नाकातोंडावर दोन गाळण्या लावलेला मास्क कपाळावर सरकवून, ओशाळवाणा. गाडी घासून, अस्तर देऊन त्याने तयार ठेवली होती. ताईने बॉनेटवरून हात फिरवला आणि तिला कुठं बोट ठेवायला जागा सापडली नाही.

रंग राजेने जुळवला. त्यात मात्र त्याला तोड नव्हती, हे ताईने नाइलाजाने मान्य केलं. थेंब टाकायचा, ढवळायचा, पत्र्याच्या तुकड्यावर ओढायचा, दारापाशी नेऊन उजेडात धरायचा. शेवटचा तुकडा त्याने गाडीच्या पेट्रोल-टाकीच्या जुन्या झाकणाशी धरला तेव्हा दोन रंगांमधली रेघ दिसेनाशी झाली. टोळक्याने माना हलवल्या.

मग तो बूथमध्ये शिरला. पोताऱ्याने कपाळावरचा मास्क काढून पुढे केला. राजेने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दार लागलं, आणि सगळे काचेशी जमले.

गन बॉनेटच्या डाव्या टोकाला लागली. खांदे वर चढून थांबले. हात निघाला, सरळ, एका पातळीत, पाण्यावरून सरकल्यासारखा, आणि निळा पट्टा त्याच्यामागे उलगडत गेला. ताईच्या लक्षात आलं, की आपणही श्वास रोखला आहे. अर्ध्यावर गन आली तेव्हा राजेचा गळा हलला. थोडं पुढे गेल्यावर त्याचं तोंड उघडलं. पूर्वी ज्या छातीत अख्खं दार मावायचं, तिच्यात आता अर्धं बॉनेटही मावत नव्हतं. त्याने ओढायचा प्रयत्न केला, पण श्वास आला नाही, खोकला आला, आणि हात जागच्या जागी थबकला. बोट मात्र दाबलेलंच होतं. रंग एका ठिकाणी साचला, फुगला, आणि एक जाड ओघळ बॉनेटच्या उतारावरून सावकाश खाली निघाला.

ताईने दार ढकललं आणि त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. त्याला खुर्चीवर बसवेपर्यंत टोळकं कामाला लागलं होतं. कॉम्प्रेसरचा दाब गेला, वायरमन म्हणाला. कालपासून तसंच करतोय, डेंटवाल्याने दुजोरा दिला. मालकाने त्या निर्दोष यंत्राकडे रागाने पाहिलं. गादीवाल्याला त्यात काही कळत नव्हतं, म्हणून तो नुसता ‘ही मशीनं’ म्हणाला. पोतारा तेवढा काचेतून ओघळाकडे पाहत होता. सगळ्यांना वाटत होतं की राजेने हो म्हणावं, म्हणजे उद्या कॉम्प्रेसर दुरुस्त होईल आणि परवा तो पुन्हा आत जाईल.

“कॉम्प्रेसर बरा आहे,” ताई म्हणाली.

राजे खाली मान घालून बसला होता. तिला वाटलं, आता हा आपल्यावर उखडेल, चारचौघांत अब्रू काढली म्हणेल, आणि मग ती काय बोलेल तेही तिने ठरवून ठेवलं. पण त्याने मान वर केली ती तिच्या पर्सकडे पाहायला. मग डेंटवाल्याकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं, आणि पाठ सरळ करून लहान मुलासारखं तोंड उघडलं.

“दाब,” तो म्हणाला.

तिने पंप हलवला, तळवा त्याच्या पाठीवर ठेवला, बरगड्या हलल्यावर दाबलं. साठ वर्षं ज्याने नुसतं बोट करून माणसं हलवली, तो भर गॅरेजात बहिणीच्या बोटावर श्वास घेत होता. टोळकं इकडेतिकडे पाहू लागलं; कुणाला एकाएकी स्क्रू सापडला, कुणाला फोन आला. ताईला त्यांची मनापासून किळस वाटली आणि त्यात तिला जरा बरंही वाटलं.

श्वास मार्गी लागल्यावर राजेने पोताऱ्याला जवळ बोलावलं. ओघळाला आज हात लावू नको, पुरता वाळू दे, मग ओल्या घासकागदाने घासून बसव, कडेकडून आत. रंग भरपूर कालवलेला आहे, पुरेल. पोताऱ्याने ऐकून घेतलं. मग दारापाशी जाऊन त्याने गन थिनरने धुतली, नळी, टोपी, सुई वेगवेगळी पुसली, आणि राजे तिकडे डोळ्यांत तेल घालून पाहत राहिला, चूक काढायला. बहुतेक सापडली नाही.

“फडक्यात बांधून देऊ?” पोताऱ्याने विचारलं.

राजेने फडकं मागून घेतलं, घडी केली आणि खिशात टाकलं.

“असू दे ती इथंच,” तो म्हणाला. “घरी काय, ताईला रंगवू?”

बाहेर पडल्यावर तो पहिल्याच दुकानासमोर थांबला. दुकान चष्म्यांचं होतं. ताईही थांबली आणि काचेतल्या चष्म्यांना एकेक करून नावं ठेवू लागली. थोडा दम परतल्यावर राजे म्हणाला की पोताऱ्याचा हात जड आहे, आणि आपल्याला अधूनमधून येऊन बूथबाहेर बसावं लागेल, नाहीतर तो...

“आधी चल,” ताई म्हणाली. “मग बोल. दोन्ही एकदम जमत नाही तुला आता.”